टक्का किती ते नंतर, कशाचा ते आधी

वाचकाचं पत्र

मॅडम, आर्किटेक्चरनंतर लँडस्केपमध्ये एम. आर्क. करून मी नाशिकला स्वतःचं छोटं ऑफिस सुरू केलं. दोन ज्युनिअर आणि मी. महिन्याचा खर्च, माझा पगार धरून, दीड लाखापर्यंत जातो. गेल्या वर्षी एका महानगरपालिकेच्या उद्यानासाठी सल्लागार नेमायची निविदा भरली. कामाचा अंदाजित खर्च 1 कोटी 80 लाख होता. मी जीएसटी धरून साडेतीन टक्के भरले आणि काम 1.1 टक्क्याला गेलं. आता तसंच टेंडर पुन्हा निघालंय, या वेळी क्यूसीबीएस पद्धतीने, म्हणजे गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देऊन, 70:30.

दुसरी गोष्ट एका बिल्डरची. पोडियम गार्डनसाठी, म्हणजे इमारतीच्या स्लॅबवरच्या बागेसाठी, 6 लाख फी व्हॉट्सॲपवर ठरली आणि दीड लाख मिळाले. त्याने पर्यावरण मंजुरीच्या फाइलसाठी आराखडा घाईने मागून घेतला, नंतर कामाची ड्रॉइंग्जही घेतली आणि फोन उचलणं बंद केलं. तिथवरच्या कामाचं 2 लाख 10 हजारांचं बिल पाठवून सात महिने झाले. तिथे आता एक नर्सरीवाला माझ्याच ड्रॉइंगवर काम करतोय. करारपत्र केलेलं नाही, लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मात्र पहिल्याच वर्षी केली होती.

या वेळी किती टक्के भरू? बिल्डरचं काय करू? ता. क. : मी ज्या नर्सरीची झाडं सुचवते ती मला दहा टक्के देऊ करते. घ्यावेत का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

किती टक्के भरू, हे मला सगळेच विचारतात. कशाचे टक्के, हे फार थोडे जण विचारतात. तुमच्या पत्रातल्या दोन्ही दुखण्यांचं मूळ तिथेच आहे, म्हणून आकडा बाजूला ठेवून निविदेपासून सुरुवात करते.

आधी तुमचा तास काढा. महिन्याला दीड लाख खर्च आणि माणसं तीन. प्रत्येकाचे कामाचे 140 तास धरले तर 420 होतात. त्यातला तिसरा हिस्सा चौकशा, फुकट मीटिंगा, बिलांचा पाठपुरावा आणि टेंडर भरण्यातच जातो. उरले 280. म्हणजे तुमच्या ऑफिसचा एक तास साधारण 540 रुपयांना पडतो, नफा अजून धरलेलाच नाही. आता उद्यान घ्या. संकल्पना आणि सादरीकरणं 90 तास, कामाची ड्रॉइंग्ज 220, अंदाजपत्रक आणि टेंडरचे कागद 80, वर्षभराच्या साइट व्हिजिट जाऊन-येऊन 200, कमिशनर ते शाखा अभियंता अशा बैठका 60. बेरीज 650 तास, म्हणजे साडेतीन लाख. मोजणी, माती परीक्षण, प्रवास, प्रिंट यांचे 45 हजार धरा. त्यावर 15 टक्के नफा ठेवलात की साडेचार लाखांच्या थोडं वर जाता. 1 कोटी 80 लाखांवर हे अडीच टक्के होतात.

1.1 टक्का म्हणजे 1 लाख 98 हजार. ज्याने ते भरले त्याचा तास तुमच्यापेक्षा स्वस्त असेल, पण निम्म्याहून स्वस्त नसेल. तो साइटवर जाणार नाही, जुन्या कामाचं अंदाजपत्रक नाव बदलून देईल, नाहीतर राहिलेले पैसे दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने वसूल करेल. त्याच्याशी दराची स्पर्धा करणं म्हणजे त्याच्यासारखं काम करायला तयार होणं. पटत असेल तर करा. मला तुमच्या पत्रावरून तसं वाटलं नाही.

तुम्ही मागच्या वेळी फीमध्ये 18 टक्के जीएसटी धरला होता. महापालिकेला दिलेली निव्वळ सेवा, म्हणजे ज्यात माल नाही आणि वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (बांधकामाचं कंत्राट) नाही अशी, राज्यघटनेच्या 243 डब्ल्यू कलमाने पालिकांकडे सोपवलेल्या कामासाठी असेल तर जीएसटीतून मुक्त आहे. त्या कामांच्या यादीत, म्हणजे बाराव्या अनुसूचीत, बागा, उद्यानं, क्रीडांगणं ही नोंद स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे तुम्ही अर्ध्या टक्क्याहून जास्त रक्कम अशा कराची धरलीत जो बहुधा लागूच नव्हता. सीएकडून ही निविदा वाचून घ्या आणि त्याचं मत लेखी ठेवा. एक सावधगिरी मात्र हवी. तेच काम महापालिकेऐवजी स्मार्ट सिटीसारख्या स्वतंत्र कंपनीकडून आलं, तर 1 जानेवारी 2022 पासून ही सवलत मिळत नाही. निविदा कोणाच्या नावाने निघाली आहे ते पहिल्या पानावर बघा.

आता क्यूसीबीएस. गुणवत्तेला 70 आणि दराला 30, हे ऐकायला छान वाटतं. गणित करून पाहू. समजा तांत्रिक गुण तुम्हाला 86 आणि समोरच्याला 74 मिळाले. मोठा फरक आहे. 70 टक्क्यांनी तुमचे 60.2 होतात, त्याचे 51.8. दराचे गुण देताना सगळ्यात कमी दराला 100 देतात आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. तुम्ही अडीच टक्के भरले, त्याने 1.1. म्हणजे तुम्हाला 44 आणि त्याला 100. त्यांचे 30 टक्के धरले की तुमचे 13.2, त्याचे 30. बेरीज तुमची 73.4, त्याची 81.8. बारा गुणांनी पुढे राहूनही तुम्ही आठ गुणांनी हरता. 80:20 केलं तरी निसटतं हरताच. पडेल भावाने भरणाऱ्याला या सूत्रात मोकळं रान आहे.

यावर उपाय एकच, आणि तो निविदापूर्व बैठकीत मागायचा. फी पालिकेनेच जाहीर करावी आणि सल्लागार फक्त तांत्रिक गुणांवर निवडावा. ही काही माझ्या मनातली कल्पना नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये खरेदीबाबत ज्या सर्वसाधारण सूचना काढल्या, त्यांत सल्लागार नेमण्यासाठी ठरावीक बजेटची पद्धत मान्य केलेली आहे. पालिका त्या सूचनांना बांधील नाही, पण लेखी पत्रात त्यांचा हवाला दिला की उद्यान अधीक्षकाला वर टिपणी पाठवायला आधार मिळतो. अधिकारीही एक टक्केवाल्यांना कंटाळलेले असतात, हे विसरू नका. मागणी मान्य झाली नाही तर किमान एवढं मागा: तांत्रिक टप्प्यात 75 गुणांखालच्यांची दराची पाकिटं उघडू नयेत.

बैठकीत तोंडी विचारू नका. प्रश्न लेखी द्या, कारण त्याची उत्तरं शुद्धिपत्रकात आली तरच ती निविदेचा भाग होतात. मी विचारला असता तो पहिला प्रश्न असा. सल्लागाराच्या निविदांत एक वाक्य बहुतेक असतंच: ‘फी ही अंदाजित खर्च, स्वीकृत निविदा रक्कम किंवा प्रत्यक्ष खर्च यापैकी जे कमी असेल त्यावर देय राहील.’ ही ओळ सगळे वाचतात, हिशोब मात्र कोणी करत नाही. उद्यानाच्या कामात कंत्राटदार 20-25 टक्के ‘बिलो’ जाणं, म्हणजे अंदाजित खर्चापेक्षा तेवढ्या कमी दराने काम घेणं, नवं नाही. 22 टक्के बिलो गेला की 1 कोटी 80 लाखांचे 1 कोटी 40 लाख होतात आणि तुमची साडेचार लाखांची फी साडेतीन लाखांवर येते. नफा गेला, खर्चही पुरता भरून निघाला नाही, आणि तुम्ही एक रेघही कमी मारलेली नाही. उलट, कंत्राटदार जितका बिलो जाईल तितकं त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. फी प्रशासकीय मान्यतेच्या अंदाजपत्रकावर द्या, असं मागा. ते नाहीच म्हणाले तर 22 टक्के बिलो धरून टक्का वाढवून भरा. अडीचच्या जागी सव्वातीन.

टक्केवारी या पद्धतीवरच माझा राग आहे, तो इथे सांगून टाकते. इमारतीत खर्च आणि काम यांचं थोडंफार नातं असतं, आपल्याकडे ते उलटं आहे. एका बागेत ग्रॅनाइट, कारंजं आणि स्टीलची कमान टाकली तर खर्च फुगतो आणि आपली फीही फुगते. त्याच जागेत पावसाचं पाणी जिरवणारा उतार, करंज, बहावा, अर्जुन आणि साधी मुरुमाची पायवाट केली तर खर्च निम्म्यावर येतो आणि डोकं दुप्पट चालवावं लागतं. फी मात्र निम्मी. चांगल्या लँडस्केपला दंड करणारी ही पद्धत आहे. म्हणून खासगी कामात तरी ठोक रक्कम सांगा, क्षेत्रफळावर आणि तासांवर काढलेली, आणि टक्केवारी फक्त ताळा बघायला वापरा. वाटाघाटीत काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या लँडस्केपसाठीच्या अटी-शर्ती आणि शुल्कपत्रक जवळ ठेवा. तुम्ही नोंदणीकृत आर्किटेक्ट आहात, तो आधार चांगला आहे. बिल्डर ते पाळेलच अशा भरवशावर मात्र राहू नका.

टक्केवारी टाळता आलीच नाही, तर ‘लँडस्केपचा खर्च’ म्हणजे काय ते लिहून घ्या. कुंपणभिंत, जलतरण तलाव, बाहेरची लाइट, ड्रेनेज, पोडियमवरची माती, पंपरूम यातलं काय आत आणि काय बाहेर. काम तुम्ही ड्रॉइंगवर दाखवता, पैसे धरताना ते सिव्हिलच्या खात्यात जातं, आणि मग तुमच्या टक्क्याखाली फक्त लॉन आणि झाडं उरतात. यावरून भांडणं होतात ती फी देण्याच्या वेळी.

बाकी अटी झटपट सांगते. व्हिजिट किती, ते आकड्यात लिहा. त्यापुढच्या व्हिजिटचा दर वेगळा. काम ठरलेल्या मुदतीपुढे सल्लागाराच्या चुकीशिवाय लांबलं, तर दरमहा ठरावीक रक्कम. विलंबदंड आणि नुकसानभरपाई यांना फीच्या रकमेची कमाल मर्यादा. झाडं जगवायची हमी देखभालीच्या काळात कंत्राटदाराची, तुमची नाही. निविदेत हे सल्लागाराच्या माथी मारलेलं दिसलं तर ती निविदा भरूच नका. पाणी कोणी घातलं नाही हे तुम्ही कसं सिद्ध करणार? आणि लवादाचं कलम वाचा. ‘आयुक्त नेमतील तो लवाद’ अशी ओळ असेल तर त्यावर आक्षेप नोंदवा. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन विरुद्ध एचएससीसी या खटल्यात सांगितलं की वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही. तो वादही आर्किटेक्टच्या सल्लागार करारातूनच निघाला होता, एम्सच्या एका कामाचा.

तर या वेळी काय भरायचं? शुद्धिपत्रक काय येतं ते पाहून अडीच ते सव्वातीनमध्ये. त्याखाली जायचंच झालं तर निविदेतली व्याप्ती कमी होणार असेल तरच. काम नाही मिळालं तर त्या 650 तासांत तुम्ही दोन बंगले आणि एक शाळा कराल.

आता बिल्डर.

करारपत्र नाही म्हणून करारच नाही, असं समजू नका. फी ठरल्याचा व्हॉट्सॲप, दीड लाखांची बँकेतली नोंद, ड्रॉइंग पाठवल्याचे ई-मेल, त्यावर त्याच्या आर्किटेक्टने केलेल्या दुरुस्त्या, हा सगळा करारच आहे. चॅट आजच एक्स्पोर्ट करून ठेवा. फोन बदलताना उडून गेलं तर तुमचाच पुरावा जाईल.

तुमच्या हातात हुकमाचा पत्ता आहे तो उद्यम नोंदणीचा, आणि ती कामाच्या आधी झाली हे फार बरं झालं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, मुदत लेखी ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. ठरली असली तरी 45 दिवसांच्या पुढे नाही. ड्रॉइंग मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याने लेखी हरकत घेतली नसेल, तर ती स्वीकारली असं कायदा धरतो. घेतली होती का हरकत? पत्रावरून तरी नाही दिसत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. बँक रेट 6 टक्के धरला तर 18 टक्के होतात.

म्हणून दोन पानी पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने. त्यात दिलेल्या ड्रॉइंगची यादी तारखांसह, बिल, उद्यम क्रमांक, व्याजाचा तक्ता आणि पैसे देण्यासाठी 15 दिवस. भाषा कोरडी ठेवा; ‘विश्वासघात’, ‘फसवणूक’ नको. पत्राची एक प्रत त्याच्या अकाउंट्सवाल्याला जाऊ द्या, कारण 2023 च्या अर्थसंकल्पाने आयकरात जी तरतूद आणली ती त्याला चांगली कळते: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मार्चच्या तोंडावर अशा पत्रांना उत्तरं लवकर येतात. नाहीच आलं तर लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी असलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करा. तिथे आधी समेट, मग लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्याला आव्हान द्यायचं असेल, तर त्याला रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. दिवाणी दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं आहे, पण तोवर थांबायचं कशाला?

त्याच पत्रात एक परिच्छेद कॉपीराइटचा टाका. ड्रॉइंग तुमची आहेत. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी हस्तांतर लागतं आणि तसं काही झालेलं नाही. पूर्ण फी मिळेपर्यंत ती वापरायला तुमची परवानगी नाही, असं स्पष्ट लिहा आणि प्रत प्रकल्पाच्या मुख्य आर्किटेक्टला द्या. यामुळे काम थांबेल अशी आशा धरू नका. पण मुख्य आर्किटेक्टला अशा कागदाखाली आपलं नाव नको असतं, आणि त्याचा एक फोन तुमच्या दहा फोनांपेक्षा भारी असतो.

पुढच्या बिल्डरसाठी एवढं करा. 20,000 चौरस मीटरहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या फाइलला लँडस्केपचा आराखडा. त्यामुळे ‘फक्त फाइलपुरतं एक ड्रॉइंग द्या’ हा फोन येणारच. त्या क्षणी त्याला तुमची गरज सगळ्यात जास्त असते आणि त्यानंतर पुढची दोन वर्षं जवळजवळ नसते, कारण बाग शेवटी होते. तेव्हा बिल्डरचं बजेटही संपलेलं असतं. म्हणून आपल्या धंद्यात पैसे पुढे ओढून घ्यावे लागतात. नेमणुकीलाच 20 टक्के, मंजुरीचा आराखडा देण्याआधी आणखी 20, कामाची ड्रॉइंग्ज देताना 30, आणि साइटचे 30 महिन्याच्या हप्त्याने, ‘काम पूर्ण झाल्यावर’ नाही. प्रकल्प 60 दिवस थांबला तर तिथवरची फी लगेच देय. मंजुरीच्या ड्रॉइंगवर ठळक लिहा: फक्त मंजुरीसाठी, बांधकामासाठी नाही. त्यात लागवडीची यादी आणि लेव्हल देऊ नका. कॅडची (ज्यात कोणालाही बदल करता येतात ती) फाइल तर कधीच देऊ नका, पीडीएफ द्या.

पोडियमसाठी आणखी एक ओळ हवी. मातीची खोली आणि ओल्या मातीचं वजन तुम्ही कळवायचं; ते स्लॅबने पेलतं का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून सांगायचं; वॉटरप्रूफिंग आणि त्याची पाण्याची चाचणी बिल्डरची. स्लॅब गळला की पहिलं बोट झाडांकडे जातं. आणि मीटरभर मातीच्या जागी खाली राडारोडा आणि वर वीतभर लाल माती निघाली, तर झाडं वाळल्यावर बोट तुमच्याकडे येतं. माती भरताना फोटो काढून ई-मेल करायची सवय लावा.

फुकट संकल्पना मागणाऱ्याला जुनी कामं दाखवा, साइटवर घेऊन जा, एक पानाचं टिपण द्या. चित्र हवं असेल तर संकल्पनेची फी वेगळी, काम मिळालं तर ती एकूण फीत वळती होईल. ‘तो दुसरा फुकट देतोय’ म्हणाला, तर दुसऱ्याकडून घ्या म्हणायला हरकत नाही. करार पाच-सहा पानांत होतो, आणि महाराष्ट्रात त्याला आता 500 रुपयांचा स्टॅम्प लागतो. एकदा वकिलाकडून मसुदा करून घ्या, तो पुढे वर्षानुवर्षं चालतो.

ता. क. चं उत्तर: नाही. त्या दहा टक्क्यांचं बिल ग्राहकच भरतो. उद्या आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून आलेल्या ट्रकमधली निम्मी झाडं मुळं गुंडाळलेली, पिशवीत कुजलेली निघाली, तर ती परत पाठवायला तुमचं तोंड मोकळं राहणार नाही. नर्सरीवाल्याला सांगा, एवढं परवडत असेल तर ती सूट बिलातच दाखव. आणि झाडं निवडायला आंध्रात जावं लागणार असेल, तर त्या प्रवासाचा खर्च आणि दोन दिवसांची फी ग्राहकाच्या करारात आधीच लिहून घ्या.